दुकान, ऑफिस, हॉस्पिटलचं लाइटिंग एलईडीवर नेताना जीएसटी, इन्कम टॅक्स आणि कर्जाचा फायदा कसा घ्यायचा: नाशिकच्या व्यावसायिकांसाठी

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू, कारण प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, "एलईडी लावले तर सरकार किती सबसिडी देतं?" दुकान, ऑफिस, हॉस्पिटल, क्लासेस, लॉज, मंगल कार्यालय अशा व्यापारी जागेत फक्त लाइट बदलले म्हणून खात्यात थेट पैसे जमा होतील अशी सबसिडी नाहीये. २०१५ ला सुरू झालेली उजाला योजना घरगुती ग्राहकांसाठी होती, पीएम सूर्यघर पण घरगुती सोलरसाठीच आहे. त्यामुळे कोणी दुकानात येऊन "पन्नास टक्के सरकारी सबसिडी आहे, आधी बुकिंग अमाउंट भरा" म्हणाला तर त्याला योजनेचा जीआर मागा, नसेल तर विषय तिथेच संपवा.

पण याचा अर्थ काहीच मिळत नाही असं अजिबात नाही. मिळतं, फक्त ते एका ठिकाणी नाही. थोडं जीएसटीच्या क्रेडिटमधून, थोडं इन्कम टॅक्समध्ये खर्च आणि घसारा (वस्तूच्या किमतीचा दरवर्षी खर्चात धरता येणारा ठरावीक हिस्सा) म्हणून, थोडं बिनतारण किंवा स्वस्त कर्जातून, आणि सगळ्यात मोठा हिस्सा दर महिन्याच्या महावितरणच्या बिलातून. आणि यातलं जवळपास सगळं एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, ते म्हणजे ऑर्डर द्यायच्या आधी तुम्ही कागद कसे तयार केले. काम उरकल्यावर बिलं घेऊन सीएकडे गेलात तर तो तरी काय करणार, बिलावर जे छापलंय त्यावरच त्याला चालावं लागतं. म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्यात त्याच क्रमाने करा.

पहिली पायरी: वीजबिल नीट वाचा

मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा, महावितरणच्या ॲपवर मिळतात. त्यावर टॅरिफ, म्हणजे दराचा गट, काय लिहिलंय ते बघा. कॉलेज रोडचं शोरूम, शरणपूर रोडचं ऑफिस बहुतेक एलटी (कमी दाब) २ म्हणजे कमर्शियलमध्ये असतं, गंगापूर रोडचं क्लिनिक एलटी ७ म्हणजे सार्वजनिक सेवेत, अंबड-सातपूरचा गाळा एलटी ५ इंडस्ट्रीमध्ये, आणि मोठा मॉल, हॉटेल, कंपनी असेल तर एचटी म्हणजे उच्च दाब. टॅरिफ कळल्याशिवाय पुढचं कुठलंच गणित बरोबर येणार नाही.

मग एका युनिटला खरंच किती पैसे जातात ते काढा. बिलात स्थिर आकार किंवा मागणी आकार असतो, तो लाइट बदलल्याने लगेच कमी होत नाही, म्हणून तो बाजूला ठेवायचा, थकबाकी असेल तर ती पण बाजूला. उरलेला वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावरचं वीज शुल्क, यांची बेरीज करून युनिटने भागा. महाराष्ट्रात व्यापारी ग्राहकाला वीज शुल्क २१ टक्के आहे, हे लोक विसरतात. युनिट वाचलं की त्यावरचं हे २१ टक्के पण वाचतं. जो आकडा येईल तो तुमचा खरा दर. व्हेंडरच्या प्रेझेंटेशनमधला दर घेऊ नका, तो त्याच्या सोयीने टाकलेला असू शकतो.

दुसरी पायरी: वहीत एकेक लाइट मोजा

हे काम कंटाळवाणं आहे पण इथेच सगळा निकाल लागतो. मजला, खोली, फिटिंगचा प्रकार, नग, वॅट, रोज किती तास चालतो, एवढे रकाने पाडा आणि इलेक्ट्रिशियनला बरोबर घेऊन फिरा. ट्यूबवर ३६ वॅट छापलेलं असतं म्हणून ३६ लिहू नका. पट्टी खोलून बघा, छोटा गोल स्टार्टर दिसला म्हणजे आत कॉपर चोक आहे, चोकवर हात ठेवला तर चांगलाच गरम लागतो, ती गरमी म्हणजे तुमचीच वीज. असा सेट ट्यूब धरून ४८ ते ५० वॅटच्या आसपास ओढतो. २५० वॅटचा मेटल हॅलाइड पण चोकसकट पावणेतीनशेच्या घरात जातो. साडी आणि दागिन्यांच्या शोरूममध्ये जुने ५० वॅटचे हॅलोजन स्पॉट अजून दिसतात, तिथे ७ वॅटचा चांगला एलईडी स्पॉट काम भागवतो, आणि हॅलोजनची उष्णता कमी झाल्यामुळे एसीवरचा लोड पण उतरतो.

तासांचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. समजा १२० ट्यूब आहेत, कॉपर चोकच्या, बदलून २० वॅटच्या एलईडी लावल्या, म्हणजे एका नगामागे साधारण ३० वॅट वाचले. ऑफिस-कम-शोरूम रोज १२ तास, वर्षाला ३०० दिवस चालतं धरा. १२० गुणिले ३० म्हणजे ३.६ किलोवॅट, गुणिले ३६०० तास, वर्षाला १२,९६० युनिट. दर १२ रुपये धरला तर १,५५,५२० रुपये. मजुरीसकट ५०० रुपये नग धरला तर खर्च ६०,०००. पाच महिन्यांच्या आत पैसे वसूल. आता त्याच १२० ट्यूब गोडाऊनमध्ये आहेत आणि रोज दोनच तास लागतात असं धरा, बचत येते २,१६० युनिट म्हणजे २५,९२० रुपये, वसुलीला सव्वादोन वर्षांच्या वर लागतात. माल तोच, खर्च तोच, फक्त तास बदलले. म्हणून पार्किंग, जिना, हॉस्पिटलचा कॉरिडॉर, रिसेप्शन, जिथे लाइट सतत चालू असतो तिथून सुरुवात करा, गोडाऊन नंतर बघू. तुमच्या आकड्यांमध्ये दर आणि भाव तुमचे टाका, वरचे फक्त हिशोब दाखवायला घेतलेत.

एक लक्स मीटर (उजेड मोजायचं यंत्र) भाड्याने किंवा ओळखीच्या कन्सल्टंटकडून आणा आणि टेबलाच्या उंचीवर किती उजेड पडतो तो आत्ताच लिहून ठेवा. ऑफिसच्या कामाला साधारण ३०० ते ५०० लक्स लागतात. आधीचा उजेड मोजलेला नसेल तर नंतर स्टाफने "आता अंधार वाटतो" म्हटल्यावर व्हेंडरशी वाद घालायला तुमच्याकडे काही नसतं.

मोठी जागा असेल, म्हणजे हॉटेल, हॉस्पिटल, कंपनी, तर सर्टिफाइड एनर्जी ऑडिटरकडून ऑडिट करून घ्या. बीईई म्हणजे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी त्यांची परीक्षा घेते, आणि आपल्या राज्याच्या महाऊर्जाकडे एम्पॅनल केलेल्या ऑडिटर्सची यादी असते. बँकेला किंवा योजनेला कागद दाखवायचा असेल तर या यादीतल्या माणसाचा रिपोर्ट चालतो, लाइट विकणाऱ्याच्या "फ्री ऑडिट"ला तेवढी किंमत नसते.

तिसरी पायरी: माल काय घ्यायचा

यावर जास्त लिहीत नाही पण चार गोष्टी कोटेशनवर लिहून घ्याच. बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी नंबर, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती खरंच कामाला येते) ०.९ च्या वर, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० च्या वर, आणि ड्रायव्हरसकट वॉरंटी किती वर्षांची. एलईडीमध्ये चिप क्वचित जाते, ड्रायव्हर म्हणजे तिला वीज पुरवणारं सर्किट जातं, आणि वॉरंटी फक्त चिपवर असेल तर ती काही कामाची नाही. सर्ज प्रोटेक्शन किती केव्हीचं आहे ते पण विचारा, पावसाळ्यात आपल्याकडे सप्लाय कसा खाली-वर होतो ते सगळ्यांना माहितीये. एचटी ग्राहकांचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएच वर आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर खराब तर त्याच कामाला जास्त युनिट मोजले जातात, तिथे खराब पॉवर फॅक्टरचा स्वस्त माल लावला तर वाचलेल्यातलं थोडं परत जातं.

चौथी पायरी: जागा कोणाची आणि खर्च कोणाचा

नाशिकमध्ये निम्म्याच्या वर दुकानं-ऑफिसं भाड्याची, आणि इथेच फायदा हातातून निसटतो. बिल भाडेकरू भरतो म्हणजे बचत भाडेकरूची, पण फिटिंग छतात बसलं की मालक म्हणतो हे माझं. आणि टॅक्सचं बघितलं तर मालकाने भाडं हाऊस प्रॉपर्टीखाली दाखवलं असेल तर त्याला ठरावीक ३० टक्के वजावट मिळते, लाइटवर वेगळा घसारा मिळत नाही, म्हणजे त्याला टॅक्समध्ये एक रुपयाचा जास्तीचा फायदा नाही. भाडेकरूने स्वतःच्या धंद्यासाठी खर्च केला तर त्याला तो धंद्याच्या हिशोबात घेता येतो. त्यामुळे बहुतेक वेळा भाडेकरूने खर्च करणंच दोघांच्या फायद्याचं असतं, फक्त करारात दोन ओळी टाका: फिटिंग भाडेकरूच्या मालकीचं राहील, जागा सोडताना तो काढून नेऊ शकेल किंवा ठरलेल्या किमतीला मालक घेईल. मालकाला म्हणावं, काका, जुन्या पट्ट्या जपून ठेवतो, जाताना परत बसवून देईन, मग तो सहसा अडवत नाही.

कमर्शियल कॉम्प्लेक्सच्या कॉमन लाइट असतील, जिना, पॅसेज, पार्किंग, तर सोसायटी किंवा असोसिएशनच्या सभेत ठराव करून घ्या आणि तीन कोटेशन ठरावाला जोडा. ठराव नसताना सेक्रेटरीने काम करून टाकलं की पुढच्या सभेत तोच विषय तीन तास चालतो.

पाचवी पायरी: जीएसटी, इथे मोठी रक्कम आहे

एलईडी दिवे आणि फिटिंगवर जुलै २०२२ पासून जीएसटी १२ वरून १८ टक्के झालाय. म्हणजे साडेपाच लाखाच्या मालाला ९९,००० रुपये नुसता टॅक्स. तुम्ही रेग्युलर जीएसटीत आहात आणि तुमची विक्री किंवा सेवा करपात्र आहे, तर हे इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून, म्हणजे तुमच्या विक्रीवरच्या जीएसटीतून वजा होऊन, परत येऊ शकतं. पूर्ण लेखातला सगळ्यात मोठा एकरकमी फायदा हाच आहे.

पण कोणाला मिळत नाही ते आधी बघा. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के जीएसटी भरणाऱ्या छोट्यांना, नाही. ५ टक्के लावणाऱ्या रेस्टॉरंटला नाही. हॉस्पिटलची आरोग्य सेवा जीएसटीतून मुक्त आहे, त्यामुळे त्या भागापुरतं क्रेडिट नाही, शाळांचं पण तसंच. लॉज-हॉटेलवाल्यांनी विशेष लक्ष द्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर ५ टक्के जीएसटी झाला पण तो क्रेडिटशिवाय आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटीत, त्र्यंबक रोडला जे लोक रूम नव्याने सजवतायत त्यांनी बजेट करताना हे १८ टक्के खर्चातच धरावेत, परत येतील असं धरू नये. ज्यांना क्रेडिट नाही त्यांच्यासाठी तो टॅक्स मालाच्या किमतीत जातो आणि इन्कम टॅक्सच्या हिशोबात खर्च किंवा घसारा म्हणून घेता येतो. मात्र ज्यांनी क्रेडिट घेतलं त्यांनी त्याच जीएसटीच्या रकमेवर घसारा घ्यायचा नाही, दोन्हीकडून घेता येत नाही.

आता कोटेशनचा मुद्दा. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये स्थावर मालमत्तेच्या बांधकामावरचं आणि वर्क्स कॉन्ट्रॅक्टचं (माल आणि मजुरी एकत्र दिलेल्या बांधकामाच्या ठेक्याचं) क्रेडिट अडवलेलं आहे, आणि बांधकाम म्हणजे नूतनीकरण, बदल, दुरुस्ती पण, जेवढी रक्कम तुम्ही मालमत्तेत भांडवली धरली तेवढ्यापुरती. कॉन्ट्रॅक्टरने सीलिंग, पेंटिंग, वायरिंग, लाइट सगळं मिळून "इंटिरियर व लाइटिंग काम, एकरकमी" असं एका ओळीत बिल दिलं की क्रेडिट अडकण्याचा धोका तिथेच तयार होतो. म्हणून फिटिंगचा माल वेगळ्या टॅक्स इनव्हॉइसवर, एचएसएन म्हणजे मालाच्या वर्गाच्या कोडसकट, नगाप्रमाणे घ्या, आणि बसवायची मजुरी वेगळी. इनव्हॉइसवर तुमचा जीएसटी नंबर बरोबर आहे का आणि ते तुमच्या २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या स्टेटमेंटमध्ये) आलं का ते बघूनच शेवटचं पेमेंट सोडा.

सहावी पायरी: इन्कम टॅक्स

बाजारात अजून लोक सांगतात "एलईडीवर ८० टक्के घसारा". हे चुकीचं आहे, दोन कारणांनी. एक, २०१७-१८ पासून घसाऱ्याचा सगळ्यात वरचा दर ४० टक्क्यांवर आणलाय. दोन, ज्या एनर्जी सेव्हिंग उपकरणांना ४० टक्के मिळतो त्या यादीत एलईडी दिव्याचं नाव नाही. त्या यादीत ऑटोमॅटिक इलेक्ट्रिकल लोड मॉनिटरिंग सिस्टीम, मायक्रोप्रोसेसरवर चालणाऱ्या कंट्रोल सिस्टीम, शंट कपॅसिटर, टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारे) एनर्जी मीटर अशा वस्तू आहेत. साधं लाइट फिटिंग इलेक्ट्रिकल फिटिंगमध्ये जातं, तिथे दर १० टक्के. हे दर १९६१ च्या कायद्याखालच्या तक्त्यातले सांगतोय, १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे, कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा एंट्री टाकताना सीएला चालू तक्ता उघडूनच टाकायला सांगा.

मग फायदा कुठे? फायदा खर्च नीट वेगळा करण्यात आहे. जुनी पट्टी तशीच ठेवून फक्त ट्यूब किंवा बल्ब बदलला, तर ती चालू दुरुस्ती म्हणून दाखवता येते आणि पूर्ण रक्कम त्याच वर्षी खर्चात जाते. नवीन फिटिंग बसवलं तर ती मालमत्ता, दरवर्षी १० टक्के. कंट्रोल आणि मॉनिटरिंगचा भाग यादीत बसला तर ४० टक्के.

एक उदाहरण घेऊ, आकडे माझे आहेत, जीएसटी सोडून. सातपूर कॉलनीतलं एक डिपार्टमेंटल स्टोअर, पार्टनरशिप फर्म, टॅक्स सेससकट ३१.२ टक्के. एकूण काम साडेपाच लाखाचं. त्यात जुन्या पट्ट्यांमध्ये एलईडी ट्यूब दीड लाखाच्या, नवीन पॅनल आणि ट्रॅक लाइट तीन लाखाचे, लोड मॉनिटरिंग आणि टीओडी सबमीटर एक लाखाचे. तिन्ही वेगळ्या ओळींत बिल झालं, तर पहिल्या वर्षी दीड लाख पूर्ण खर्च, तीन लाखावर ३०,००० घसारा, एक लाखावर ४०,००० घसारा, बेरीज २,२०,०००, टॅक्स वाचला ६८,६४०. आणि सगळं एका ओळीत "लाइटिंग काम" म्हणून आलं, तर साडेपाच लाखावर १० टक्के म्हणजे ५५,००० घसारा, टॅक्स वाचला १७,१६०. पहिल्याच वर्षात ५१,४८० चा फरक. एका ओळीत घेतलं तरी उरलेली रक्कम पुढच्या वर्षांत हळूहळू घसाऱ्यातून येत राहते, ती बुडत नाही, पण पैसा आज हातात असणं आणि दहा वर्षांत थोडा थोडा मिळणं यात फरक आहे. अर्थात विभागणी खऱ्या कामाप्रमाणेच हवी, नवीन फिटिंगला दुरुस्ती म्हणून दाखवलं तर असेसमेंटला ते टिकत नाही.

तारखेचं पण लक्षात ठेवा. मालमत्ता त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्मा मिळतो. म्हणजे ३ ऑक्टोबरच्या आत लाइट चालू झाले तर पूर्ण, दिवाळीच्या तोंडावर चालू झाले तर निम्मा. नुसतं खरेदी करून चालत नाही, बसवून वापर सुरू झाला पाहिजे, म्हणून कॉन्ट्रॅक्टरकडून तारखेसकट काम पूर्ण झाल्याचं पत्र घ्या. गणपतीच्या आधी काम संपवायचं प्लॅनिंग केलं तर सणाच्या गर्दीत दुकान खोदलेलं पण राहत नाही.

पेमेंट बँकेतूनच करा. मालमत्तेसाठी एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिले तर ती रक्कम किमतीत धरली जात नाही, घसारा गेला. दुरुस्ती खर्चाला पण १०,००० च्या वर रोख चालत नाही. मजुरीच्या बिलावर टीडीएस (पैसे देतानाच कापायचा टॅक्स) लागू असेल तर कापून भरा, नाहीतर त्या खर्चाचा ३० टक्के हिस्सा नामंजूर होतो.

आणि जे छोटे दुकानदार जुन्या कायद्यातल्या ४४एडी सारख्या तरतुदीखाली म्हणजे टर्नओव्हरच्या ठरावीक टक्क्याने नफा दाखवून रिटर्न भरतात, त्यांना वेगळा घसारा किंवा दुरुस्ती काहीच घेता येत नाही, कायद्याने तो आधीच दिलाय असं धरलं जातं. त्यांच्यासाठी बिल कमी होणं हाच फायदा, आणि तो सुद्धा काही कमी नाही.

सातवी पायरी: पैसा कुठून आणायचा

माझं स्पष्ट मत, वसुली एका वर्षाच्या आत होत असेल आणि काम दोन-तीन लाखाचं असेल तर कर्ज काढू नका. प्रोसेसिंग फी, कागद, बँकेच्या चकरा यात बचतीचे दोन महिने जातात. कॉमन एरिया आणि जास्त तास चालणारे लाइट आधी बदला, त्यातून वाचलेल्या पैशात पुढचा मजला करा.

कर्ज लागणारच असेल तर आधी उद्यम, म्हणजे एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) नोंदणी. ती ऑनलाइन आणि फुकट होते, एजंटला दोन हजार द्यायची गरज नाही. जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापारी पण उद्यममध्ये येतात, पण फक्त प्रायॉरिटी सेक्टर (बँकांनी प्राधान्याने द्यायच्या) कर्जापुरते, एमएसएमईच्या बाकीच्या सगळ्या सवलती त्यांना लागू होतात असं समजू नका. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्यात, मायक्रो म्हणजे गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटीपर्यंत, स्मॉल म्हणजे २५ कोटी आणि १०० कोटीपर्यंत. म्हणजे नाशिकमधली बहुतेक दुकानं, क्लिनिक, हॉटेलं यात आरामात बसतात.

छोट्या रकमेला मुद्रा कर्ज, शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखापर्यंत, तरुण १० लाखापर्यंत, आणि ज्यांनी तरुणचं कर्ज व्यवस्थित फेडलंय त्यांना तरुण प्लस मध्ये २० लाखापर्यंत. त्याच्या वरच्या कामाला बँकेला सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टच्या गॅरंटीवर टर्म लोन मागा, म्हणजे घर-दुकान तारण ठेवायची वेळ येत नाही, एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी आहे. गॅरंटी फी कोण भरणार ते मंजुरी पत्रात नीट वाचा. बँकेत जाताना "लाइट बदलायचेत" एवढंच सांगू नका, दुसऱ्या पायरीची वही, बारा महिन्यांची बिलं, तीन कोटेशन, दोन-तीन वर्षांचे रिटर्न आणि एका पानावर दर महिन्याची बचत विरुद्ध हप्ता असा तक्ता घेऊन जा. मॅनेजरला बचतीतून हप्ता निघतोय हे एका नजरेत दिसलं की काम सोपं होतं.

सिडबी या लघुउद्योगांसाठीच्या बँकेच्या पण एनर्जी एफिशियन्सीसाठी योजना आहेत. फोर-ई योजना ऑडिटपासून कर्जापर्यंत सगळं धरून आहे. एमएसई गिफ्ट योजनेत मायक्रो आणि स्मॉल युनिटच्या २ कोटीपर्यंतच्या हरित कर्जाला २ टक्के व्याज सवलत ठेवलेली आहे, पण योजना अजून चालू आहे का आणि तुमचं काम मान्य कामांच्या यादीत बसतंय का हे बँकेकडून लेखी विचारा, मगच व्याजाचं गणित मांडा.

अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखान्यांसाठी

तुमचं युनिट उत्पादन करत असेल तर तुमच्यासाठी दार जास्त उघडी आहेत. जुलै २०२५ ला बीईईने अदिती योजना सुरू केली, १,००० कोटींची. एनर्जी वाचवणाऱ्या तंत्रज्ञानाच्या कर्जावर मायक्रो-स्मॉलला ५ टक्के आणि मीडियमला ३ टक्के व्याज सवलत, शिवाय इन्व्हेस्टमेंट ग्रेड (गुंतवणूक ठरवता येईल इतकं सविस्तर) ऑडिट, डीपीआर म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल आणि नंतरच्या मोजणीला मदत. अट अशी की किमान १० टक्के एनर्जी वाचली पाहिजे, कर्ज १० लाख ते १५ कोटी, आणि सेक्टर ठरलेले १४, त्यात फोर्जिंग, फाउंड्री, फूड प्रोसेसिंग, फार्मा, केमिकल आहेत. पहिल्या टप्प्यात ६० क्लस्टर घेतलेत, तेव्हा तुमचा सेक्टर आणि क्लस्टर दोन्ही तपासा. नुसत्या शेडच्या लाइटने १० टक्के बचत होणं फोर्जिंगसारख्या युनिटमध्ये शक्यच नाही, तिथे फर्नेस, कंप्रेसर, मोटर आणि लाइट एकत्र धरून एक प्रोजेक्ट बनवा.

राज्याच्या पॅकेज स्कीम ऑफ इन्सेंटिव्हमध्ये लहान उद्योगांच्या एनर्जी ऑडिटला आणि वीज वाचवणाऱ्या यंत्रसामग्रीला मदतीची तरतूद राहिलेली आहे. त्यासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जा, चालू धोरणात तुमचा तालुका कुठल्या गटात येतो ते विचारा, आणि खरेदीच्या आधी अर्ज. निमा किंवा आयमा या उद्योजकांच्या संघटनांचे मेंबर असाल तर तिथे आधी चौकशी करा, एखाद्या मेंबरने अशी फाइल आधी केलेली असते आणि त्याचा अनुभव फुकट मिळतो.

हॉटेलवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट, राज्याने २०२० मध्ये हॉस्पिटॅलिटीला उद्योगाचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला, आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केलेल्या पात्र हॉटेलांना १ एप्रिल २०२१ पासून वीज वगैरे औद्योगिक दराने अशी ती सवलत आहे. लाइट बदलायच्या आधी हा टॅरिफचा प्रश्न सोडवा, कारण दर बदलला की बचतीचं गणित पण बदलतं.

आठवी पायरी: खिशातून न घालता, एस्को मार्गे

एस्को म्हणजे एनर्जी सर्व्हिस कंपनी. ती स्वतःच्या पैशाने लाइट बसवते आणि बचतीतला ठरलेला हिस्सा काही वर्षं घेते. बीईईच्या यादीतल्या एस्कोंना रेटिंग दिलेलं असतं, ते बघून घ्या. सरकारी कंपनी ईईएसएल पण मोठ्या इमारतींमध्ये असं काम करते. शंभर-दोनशे ट्यूबच्या कामाला एस्को सहसा येत नाही, मोठं हॉस्पिटल, कॉलेज कॅम्पस, मॉल, बहुमजली कॉम्प्लेक्स असेल तर विचार करा.

करारात एकच गोष्ट सगळ्यात जास्त मनावर घ्या, ती म्हणजे बेसलाइन, म्हणजे बचत ज्याच्याशी तोलायची तो आधीचा वापर. काम सुरू व्हायच्या आधी दोघांच्या सहीने लिहा की किती नग, किती वॅट, किती तास, आणि युनिटचा दर काय धरला. तीन महिन्यांनी तुम्ही एक मजला वाढवला किंवा एसी बसवले तर बचतीचा हिशोब कसा करायचा ते पण आत्ताच. शक्य असेल तर लाइटिंगच्या सर्किटला वेगळा सबमीटर लावा, मग पूर्ण बिलाच्या आकड्यावर भांडण होत नाही. दर वाढला तर वाढीव फायदा कोणाचा, मध्येच जागा विकली तर उरलेले हप्ते कोणाचे, आणि करार संपल्यावर लाइट तुमच्या नावावर होणार का, हे तीन प्रश्न वकिलाला दाखवूनच सही करा.

नवीन बांधकाम असेल तर

१०० किलोवॅट कनेक्टेड लोड किंवा १२० केव्हीए कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या वरची व्यापारी इमारत ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या कक्षेत येते, तिथे प्रति चौरस मीटर किती वॅट लाइटिंग चालेल याची मर्यादा असते, आर्किटेक्टला प्लॅनिंगच्या वेळीच सांगा. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत ग्रीन रेटिंग मिळवलेल्या इमारतीला मूळ एफएसआयवर (प्लॉटवर किती बांधता येईल त्या मर्यादेवर) ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय मिळतो, ग्रिहा किंवा आयजीबीसी या संस्थांच्या रेटिंगप्रमाणे. जागेचे नाशिकमधले भाव बघता बिल्डरसाठी हा फायदा लाइटच्या सगळ्या खर्चापेक्षा मोठा असू शकतो. सोलर जोडणार असाल तर त्याचा हिशोब लाइटपासून वेगळा ठेवा, त्यावर घसारा ४० टक्के आणि सप्टेंबर २०२५ पासून उपकरणांवर जीएसटी ५ टक्के आहे. मात्र आधी लाइट, मग सोलर, कारण लोड कमी झाल्यावर सोलरची साइज पण कमी लागते.

काम झाल्यावर लगेच करायचं

लक्स परत मोजा, त्याच जागी, त्याच उंचीवर. पुढच्या तीन बिलांची मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करा, लगेच आधीच्या महिन्याशी करू नका, एप्रिल-मेच्या एसीने आकडे फसवतात.

तुमचा लोड २० किलोवॅटच्या वर असेल तर मागणी आकार केव्हीएप्रमाणे लागतो. लाइट बदलल्यावर सहा-सात केव्हीए खाली आलं आणि दोन-तीन महिने बिलावरची कमाल मागणी तेवढीच कमी दिसली, तर महावितरणकडे कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारात ठरलेली जास्तीत जास्त मागणी) कमी करायचा अर्ज द्या. हा अर्ज कोणी करतच नाही, आणि वापरत नसलेल्या डिमांडचे पैसे वर्षानुवर्षं भरत राहतात. फक्त उन्हाळ्यातली कमाल मागणी बघूनच आकडा ठरवा, खूप खाली आणला तर मे महिन्यात जादा डिमांडचा दंड बसतो.

जुन्या ट्यूब आणि सीएफएल भंगारवाल्याला देऊ नका, फोडून कचऱ्यात तर अजिबात टाकू नका, त्यात पारा असतो. ई-वेस्ट नियमांत हे दिवे येतात, अधिकृत रिसायकलरला द्या आणि पावती घ्या. कॉपर चोकला मात्र भंगारात चांगला भाव येतो, तो वजनाने वेगळा विका आणि ती रक्कम हिशोबात दाखवा. रिसायकलरची पावती, भंगाराचं बिल, इनव्हॉइस, काम पूर्ण झाल्याचं पत्र, वॉरंटी कार्ड आणि आधी-नंतरच्या लक्सचा कागद एकाच फाइलमध्ये लावा, आणि तिची एक स्कॅन कॉपी सीएला त्याच आठवड्यात पाठवा, मार्चची वाट बघू नका.